'आणि'च्या आधी

एप्रिलमध्ये एमायोगी नदीवरचा बर्फ फुटतो
तेव्हा दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज येतो,
कुणीतरी जड कपाट सरकवतंय असा.
हेल्वेबाई विचारतात, कोण राहायला आलंय?
मी सांगते, कुणी नाही, नदी आहे.
तासाभराने पुन्हा तोच प्रश्न,
पुन्हा तेच कोरं करकरीत नवल.
खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटतो.

वय एक्काहत्तर. त्यातली एकेचाळीस वर्षं
तार्तूच्या छापखान्यात, मुद्रितशोधक.
गेल्या हिवाळ्यात ताप आला, मेंदूला सूज,
आणि ताप उतरला तो रिकाम्या हाताने गेला नाही:
नवरा नेला, दोन मुलींची बाळपणं,
राहत्या घरातल्या भिंतींचा रंग.
व्याकरण तेवढं जागच्या जागी.

यंत्राच्या बोगद्यात त्या निमूट पडून राहतात.
पडद्यावर डॉ. पेर्टेल बोट ठेवतात:
समुद्रघोड्याच्या आकाराचा हा भाग, बघ,
वाळलाय.
काल आणि उद्या एकाच भट्टीत भाजले जातात, म्हणतात ते,
भट्टी विझली की दोन्ही कच्चे.
म्हणून मी विचारते, हेल्वेबाई, उद्या काय करणार?
(आमच्या भाषेत भविष्यकाळाला वेगळं रूपच नाही,
वर्तमानातच भागवतो आम्ही.)
त्या डोळे मिटतात, शोधतात.
कोरा फर्मा, म्हणतात. शाई लागलेलीच नाही.

मग मारिका, धाकटी,
आईच्या जुन्या वह्या घेऊन आली. त्र्याऐंशी साल.
तारखा झाकल्या, नावं झाकली,
वाचायला दिल्या.
चार दिवस त्या वाचत होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
कशी आहे कादंबरी?
नायिका बरी आहे, म्हणाल्या. बटाटे फार सोलते.
पुढे नवरा घर सोडतो त्या पानावर रडल्या,
नाक पुसलं, म्हणाल्या,
बिचारी.

त्या रात्री मला झोप नाही.
मी तरी काय वेगळं करते?
आईने दहादा सांगितलेलं माझं बाळपण
मला आठवतं असं वाटतं.
आजोबांच्या अंत्ययात्रेत मला रडू आलं नव्हतं,
आलं ते पुढे तीन वर्षांनी, बसमध्ये,
कुठल्याशा पुस्तकातला म्हातारा मेला तेव्हा.
आठवण बाहेर काढली की ओली होते,
परत ठेवताना बोटांचे ठसे घेऊन जाते,
हे प्रयोगशाळेतलं वाक्य. मला पाठ आहे.
मूळ प्रत कुठे आहे ते मात्र
त्यात लिहिलेलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी पेन्सिल मागितली.
सवयच ती. हस्तलिखित दिसलं की हात शिवशिवतात.
'आणि'च्या आधी स्वल्पविराम? छे.
खोडला. पुढच्या ओळीत पुन्हा. खोडला.
आमच्याकडे तो चालत नाही,
शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.
लेखिका अडाणी आहे, पुटपुटल्या.
मग त्या ओळीशी आल्या:
'तो गेला, आणि मी बटाटे सोलले.'
पेन्सिल थांबली.
खाली नदीने एक आख्खं कपाट लोटलं,
त्यांनी विचारलं नाही कोण आलंय.

एकेचाळीस वर्षं, त्या हळूच म्हणाल्या,
दुसऱ्यांचे हे स्वल्पविराम मी खोडत आले.
आणि घरी जाऊन
स्वतःच्या वहीत घालत होते.
मला माहीत होतं की चूक आहे ती.
थोडं थांबल्याशिवाय पुढचं लिहवतच नव्हतं.

मी नाव विचारलं नाही.
झाकलेल्या पट्ट्या काढल्या नाहीत.
त्यांनी खोडलेले स्वल्पविराम, एकेक करून,
परत घातले, अगदी बारीक,
कुणी रागावेल अशा बेताने.

दुसऱ्या दिवशी वही उशाशी होती,
ही कुणाची, म्हणाल्या.

अहवालात रकाने आहेत: चेहरे, तारखा,
शब्दांची यादी वीस मिनिटांनंतर.
त्या सकाळसाठी रकाना सापडेना,
म्हणून समासात लिहिलं:
रुग्ण थांबली, आणि हसली.
डॉ. पेर्टेलनी स्वल्पविराम खोडला.
बरोबरच आहे त्यांचं.